पिवळीचा वार

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी उलट्या ठेवल्या, मागच्या चंदेरी कागदावरची बारीक अक्षरं पेनच्या टोकाने दाखवली आणि म्हणाल्या, "हे बघा. दोन्ही एकच आहेत." त्याला वाटलं, बाईंची काहीतरी गफलत होतेय. एक पांढरी होती, एक पिवळी. पांढरी गोल, मधे चीर असलेली. पिवळी लांबट, गुळगुळीत. ज्याचा सगळा जन्म निळसर पांढरा आणि पिवळसर पांढरा वेगळा काढण्यात गेला, त्याला कुणी पांढरं आणि पिवळं एकच म्हणून सांगावं, ही थट्टाच झाली. तो थोडा हसलाही. "नाही हो," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "या दोन वेगळ्या. मी आलटून पालटून घेतो ना. एकीची सवय लागू नये म्हणून." बाई वयाने लहान होत्या, त्याच्या मुलीहून फार तर आठ-दहा वर्षांनी मोठ्या, पण त्या हसल्या नाहीत. "कंपनी वेगळी, वरचा रंग वेगळा. आतलं औषध तेच," त्या म्हणाल्या. "तुम्ही सुटी कुणालाच दिली नाहीत. एकच गोळी रोज घेतलीत, कधी हा कपडा घालून, कधी तो." तो खरं तर बूट चढेना म्हणून आला होता. सकाळी उठावं तर घोटे सुजलेले, मोज्याचं रबर कातडीत रुतून बसलेलं. उभ्याने करायचं काम, त्यात वय झालं, बाई एखादं मलम लिहून देतील, अशी त्याची समजूत. मलमाऐवजी बाईंनी रक्त काढलं, लघवी तपासायला पाठवली, आणि आज हे.

वारांची ही वाटणी त्याच्या स्वतःच्या अकलेतून निघालेली होती आणि तिचा त्याला अभिमान होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार पांढरी. मंगळवार, गुरुवार, शनिवार पिवळी. रविवारी जी हाताला लागेल ती. एक कामावर असली की दुसरीने विश्रांती घ्यायची. कारखान्यात पाळ्या असतात तशा. हे तो कुणालाही समजावून सांगायचा, पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, डोकं धरून बसलेल्या कुणालाही, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर बाकीचं जग औषधं कशीही गिळतं त्याला कोण काय करणार, असा भाव असायचा. घरात तर हे वार सगळ्यांना पाठ होते. बायको संध्याकाळी तळहातावर गोळी आणि दुसऱ्या हातात कोमट पाण्याचा पेला घेऊन यायची आणि म्हणायची, "आज पिवळीचा वार." मग तो गोळी घ्यायचा, डोळ्यांवर हात ठेवून पडायचा, आणि अर्ध्या तासाने ती दारात येऊन विचारायची, "उतरलं का? लावू मिक्सर?" त्याने लाव म्हटलं की स्वयंपाकघरात मिक्सर फिरायचा, आणि घर पुढे चालू व्हायचं. "रोज घेता?" बाईंनी विचारलं. "रोज म्हणजे, दुखलं तर." "रोज दुखतं?" उत्तर हो होतं, पण हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. बाई सांगत होत्या की सुरुवातीला डोकं दुखायचं म्हणून तुम्ही गोळी घेत होतात. आता गोळीचा अंमल संपत आला की डोकं दुखतं. डोकं मागतं, तुम्ही देता, म्हणून उद्या पुन्हा मागतं. तेवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण इतक्या वर्षांत किडन्या दमल्यात. अजून गेलेल्या नाहीत. आज थांबलात तर बऱ्याचशा वाचतील, नाही थांबलात तर मी काही सांगू शकत नाही. बाई हे सगळं एका सुरात बोलत होत्या आणि तो टेबलावरच्या त्या दोन पट्ट्यांकडे बघत होता.

"दोन वर्षांपूर्वी पोटात रक्तस्राव होऊन इथे दाखल होतात, तोही यांनीच," बाई म्हणाल्या. तो म्हणाला, ते ॲसिडिटीचं होतं. बाईंनी मान वर केली. "वॉर्डात तेव्हा मीच होते. तुम्ही गुंगीत होतात. तुमच्या मिसेसना बाहेरच्या बाकावर बसवून सगळं समजावलं होतं मी. या गोळ्या बंदच करायच्या, म्हणून. मी सांगते त्यांना, असं म्हणाल्या होत्या. सांगितलं नाही?" खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूंटूं आवाज येत होता, आणि त्याच्या डाव्या भुवईच्या मागे काहीतरी जागं होत होतं. "मला आठवतंय, कारण त्यांनी एक वेगळंच विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "पहिले दोन-तीन आठवडे डोकं जास्तच दुखेल, असं मी म्हटलं. तर म्हणाल्या, तेवढे दिवस यांना तुमच्याकडेच ठेवून घ्याल का?" बाई आता पहिल्यांदा थोड्या हसल्या. त्यांना ते भोळेपणाचं वाटलं असावं. तो म्हणाला, "सांगितलं होतं तिने. माझ्याच डोक्यातून गेलं." आपलेच दात, आपलेच ओठ. परक्या बाईसमोर बायकोला खोटं पाडण्यापेक्षा आपण विसरभोळं ठरलेलं बरं, एवढं भान त्याला त्या घटकेलाही राहिलं, आणि बाहेर पडल्यावर त्याला त्या भानाचाच राग आला.

रस्त्यावर ऊन होतं. हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला आणि खिशावरच थांबला. पट्टी तिथेच होती, बोटांना तिच्या कडा लागल्या. त्याला पहिली गोळी आठवली. मुलगी तान्ही होती तेव्हा, कारखान्यात नवा होता, रंगाच्या टाक्यांवरच्या वाफेने डोकं फुटायची वेळ आली होती, आणि कुणीतरी म्हाताऱ्या सोबत्याने खिशातून पांढरी गोळी काढून दिली होती, घ्या, अर्ध्या तासात माणसात याल. आणि तो खरंच माणसात आला होता. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात, पण ते दुखणं गेलं ते पळतच गेलं. त्या दिवशी संध्याकाळी त्याने मुलीला खांद्यावर घेऊन सगळं घर फिरवलं होतं. गोळीवर त्याचं प्रेम बसलं, दुसरा शब्द नाही त्याला. मित्र बदलले, घरं बदलली, केस गेले, पण खिशातली ती पट्टी कधी बदलली नाही, आणि जिवावर उदार होऊन कुणी पाठीशी उभं राहावं तशी ती राहिली असं तो मानत आला. कुंपणानेच शेत खाल्लं, तो स्वतःशी म्हणाला. पण गोळीला काय, ती गोळी आहे, तिने काही शपथ घेतली नव्हती. बायकोने मात्र दोन वर्षं, दर संध्याकाळी, वार लक्षात ठेवून, पाणी कोमट करून. थंड पाणी दिलं असतं तर एवढं लागलं नसतं असं त्याला वाटलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं, इतकं हळू की ज्याचा कापला त्याने वर आणि धन्यवाद म्हणावेत. आणि तो म्हणत होता, रोज.

कारखान्यात तो सरळ आपल्या खोलीत गेला. कारखाना कापड रंगवण्याचा होता आणि त्याचं काम नमुन्याशी तागा जुळतो की नाही हे सांगण्याचं. सगळे त्याला मास्टर म्हणत. खोलीला खिडकी नव्हती, भिंती राखाडी, मधे एक उजेडाची पेटी आणि तिच्यात तीन दिवे: एक दिवसाच्या उजेडासारखा, एक घरातल्या पिवळ्या बल्बसारखा, एक दुकानातल्या ट्यूबलाइटसारखा. गिऱ्हाइकाचा तुकडा आणि आपला तुकडा शेजारी ठेवायचे आणि तिन्ही दिवे फिरवून बघायचे, कारण एका उजेडात सख्खे भाऊ वाटणारे दोन तुकडे दुसऱ्या उजेडात एकमेकांना ओळखही देत नाहीत. मग ओलं पांढरं फडकं घेऊन तागा घासायचा. फडक्याला रंग लागला तर रंग कच्चा, तागा परत. या दोन परीक्षांवाचून त्याच्या हातून एक रुमालही बाहेर गेला नव्हता. आणि गोळीला मात्र त्याने एकाच उजेडात पाहिलं, तेही बायकोच्या तळहातावर. आता दिवसाच्या उजेडात एक निळा तुकडा ठेवून तो बघत बसला. जुळत होता की नव्हता, त्याला सांगता येईना. डाव्या डोळ्याच्या कडेने निळा थरथरत होता, तिथे काहीतरी आतून अंगठा दाबून दार उघडू बघत होतं.

टाक्यांवरचे काका दारात आले, हात कोपरापर्यंत जांभळे. वयाने ते त्याच्याहून मोठे, पण मास्टरला अहोजाहो करायचे. "मास्टर, तुमच्यातली द्या बरं एक. डोकं धरलंय सकाळपासून," ते म्हणाले आणि हसून पुढे म्हणाले, "आज कुठला वार? पांढरीचा ना?" सगळ्या मजल्याला हे वार त्यानेच शिकवले होते. खिशातून पट्टी काढून पुढे करताना आपण किती मोठ्या मनाचे वाटायचो. "नाही," तो म्हणाला. "संपल्या?" "आहेत. पण देणार नाही. तोंडावर पाणी मारा आणि वाऱ्याला बसा जरा." काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की याच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना. "एका गोळीसाठी एवढं?" ते म्हणाले. "ठेवा, ठेवा. मरताना बरोबर न्या." आणि ते गेले. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, ती चांगली नाही, दोन्ही एकच आहेत, पण सांगितलं तर आधी स्वतःला सांगावं लागणार होतं की या मजल्यावर इतकी वर्षं ती वाटली कुणी. तो दिवे फिरवत राहिला.

संध्याकाळी जिना चढताना वरून हसण्याचा आवाज आला. दोन बायकांचं हसणं, एक जाडसर, एक उंच, एकमेकींत अडकून पडलेलं, श्वास घ्यायला थांबून पुन्हा सुटणारं. कुणाच्या घरात एवढा आनंद चाललाय, असं त्याच्या मनात आलं, आणि एक मजला वर आल्यावर कळलं की ते त्याच्याच घरातून येतंय. त्याने किल्ली कुलपात घातली आणि हसणं थांबलं. कमी झालं नाही, थांबलं. नळ बंद करावा तसं. आत गेला तर मुलगी पुस्तक घेऊन बसलेली, बायको भांडी पुसतेय. "आलात?" ती म्हणाली. घर नेहमीसारखं शांत होतं. दाराच्या चौकटीला जाड कापडाच्या पट्ट्या लावलेल्या, म्हणजे दार आपटत नाही. खुर्च्यांच्या पायांना त्याचेच जुने मोजे घातलेले. दारावरच्या घंटीची तार कधीचीच काढून टाकलेली. ताटं मांडताना खाली फडकं. "आमच्या घरात आवाज म्हणून नाही," हेही तो अभिमानाने सांगायचा, "सगळ्यांना सवयच आहे तशी." मुलगी आईला अगं-तुगं करायची आणि त्याला मात्र अहो बाबा, त्यालाही तो वळण म्हणायचा. मुलगी आत गेली. ती चवड्यांवर चालत गेली हे त्याला आज दिसलं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. काय माहीत होतं, असं बायकोने विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढी तरी सोय होते. तिने हातातला पेला पुसून जागेवर ठेवला. "कोण भेटलं?" "त्या डॉक्टरीणबाई." "बारीकशा, चष्मेवाल्या?" "त्याच." तिने मान हलवली, जणू ओळखीचं कुणीतरी बऱ्याच दिवसांनी भेटलं. "दोन वर्षं," तो म्हणाला, "दोन वर्षं तू मला रोज विष देत होतीस आणि वर वार मोजत होतीस." आवाज चढला नाही, चढवला तर भुवईत कळ येईल हे त्याला माहीत होतं. "सांगणार होते," ती म्हणाली. "कधी? तेराव्याला?" "घरी आल्यावर लगेच सांगणार होते. दवाखान्यातून आलात तेव्हा चार दिवस गोळी नव्हती तुम्हाला. आठवतात का ते दिवस?" त्याला आठवत नव्हते. अशक्तपणा होता, पडून होता, एवढंच. "काय झालं त्या दिवसांत?" त्याने विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी तुम्ही मागितलीत, मी दिली." "आणि त्या बाईंना म्हणालीस, ठेवून घ्या याला. अडगळ असल्यासारखं." "हो," ती म्हणाली, "म्हणाले." तिने रडायला हवं होतं असं त्याला वाटलं. रडली असती तर त्याला काय करायचं ते कळलं असतं. ती नुसती ओट्याला टेकून उभी राहिली, दोन्ही हात गाऊनच्या खिशात घालून, आणि त्याच्याकडे बघत राहिली, तो किती चिडणार याचा अंदाज घेत असल्यासारखी.

मग त्याने सगळ्या पट्ट्या गोळा केल्या. शर्टातली, ऑफिसच्या बॅगेतली, कपाटातल्या स्वेटरखालची, चष्म्याच्या डबीतली, उशीच्या अभ्र्यातली. एवढ्या ठिकाणी आपण त्या पेरून ठेवल्या होत्या याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. त्याने तो ढीग टेबलावर तिच्यापुढे सरकवला. फेकून दे असं म्हणायला जीभ उचलेना, म्हणून म्हणाला, "या तुझ्याकडे राहतील. मी मागितल्या तरी द्यायच्या नाहीत. पाया पडलो तरी नाही. कळलं?" "माझ्याकडे नका देऊ," ती म्हणाली. "का?" "नका देऊ हो. संडासात टाका, कचऱ्यात टाका. माझ्याकडे नको." "तूच दिल्यास ना इतके दिवस? मग आता तूच नाही म्हणायचं. एवढं तरी कर माझ्यासाठी." ही शिक्षा आहे हे त्याला कळत होतं, आणि ती द्यायला बरं वाटत होतं. तिने थोडा वेळ ढिगाकडे पाहिलं आणि मग एकेक पट्टी उचलून घेतली.

मंगळवार त्याने कामावर काढला, बुधवारी उठवलंच नाही. पडदे लावून तो आतल्या खोलीत पडला आणि डोकं त्याच्यावर बसलं. इतक्या वर्षांत ज्याला तो डोकेदुखी म्हणत होता ती तिची धाकटी बहीण असावी. भिंतीपलीकडे कुणी चमचा ठेवला की तो चमचा कपाळात ठेवल्यासारखा व्हायचा. पाणी नकोसं, उजेड नकोसा, स्वतःच्या श्वासाचा आवाज नकोसा. मळमळायचं, घाम यायचा, मग थंडी वाजायची. यात त्याला आई आठवत राहिली. आईचंही डोकं दुखायचं. ती फडकं करकचून बांधून भिंतीकडे तोंड करून पडायची आणि वडील सगळ्या पोरांना बाहेर काढायचे, आईचं डोकं आहे, आवाज करू नका. पोरं दाराशी बसून राहायची, मधूनच कुणीतरी आत जाऊन तिच्या पायावर हात ठेवून यायचं. त्याचं घरही तसंच शांत होतं. पण त्याच्या पायावर हात ठेवायला कुणी येत नव्हतं. हा विचार त्याला आवडला नाही. त्याने कूस बदलली आणि कपाटाच्या दारावरचं दिनदर्शिकेचं चित्र समोर आलं. एका तळ्याचं चित्र होतं, साल जुनं. जुनी दिनदर्शिका कुणी काढली का नाही, आणि ती इतकी खाली, गुडघ्याच्या उंचीवर का लावलीय, असं त्याच्या मनात आलं. त्या खोलीत तो दोन वर्षं झोपत होता. तो पलंगावरून खाली उतरला, बसूनच पुढे सरकला आणि त्याने चित्र उचललं. मागे लाकडाला खोक पडली होती, बोटभर खोल, लांबट.

आणि मग ते आलं, सगळं नाही, तुकड्यांनी. मुलीचा माऊथ ऑर्गन. ती शाळेच्या कार्यक्रमासाठी वाजवायची, एकच ओळ पुन्हा पुन्हा, तिसऱ्या सुरावर चुकायची आणि परत पहिल्यापासून. तो पलंगावर, चार दिवस गोळी नाही. दार उघडलं गेलं, त्यानेच उघडलं असणार. मुलीच्या तोंडावरून काहीतरी हिसकावलं, ओठ फाटला का तिचा? रक्त होतं का? नंतर ते लाकडावर आपटल्याचा आवाज, आणि कुणीतरी ओरडत होतं, ते तोच. मग बायको मधे आली होती. तिथून पुढे त्याला काही आठवेना, आणि ते आठवत नाही याचीच त्याला भीती वाटली. मुलीने ऑर्गन सोडला तेव्हा तो म्हणाला होता, या वयात मुलांचं लक्ष टिकत नाही. दोघींनी मान डोलावली होती. म्हणजे दोघी मिळून त्याला फसवत होत्या; भोकावर तळं टांगून, खुर्च्यांना मोजे घालून, हसणं गिळून, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात दोन वर्षं एका शांत घराचं नाटक करत होत्या, आणि त्या नाटकाचा एकुलता एक प्रेक्षक तो होता. एकीनेही सांगू नये? एकदा तरी तोंडावर बोलायचं. तो वाईट होता तर त्याला तसं कळायचा हक्क होता. गोळीने फसवलं, बायकोने फसवलं, लेकीने फसवलं, आणि आता त्याच्या स्वतःच्या आठवणीनेही. आपल्या माणसांत राहून आपण एकटेच होतो हे कळणं डोक्याच्या दुखण्याहून जास्त दुखतं, हे त्याला त्या जमिनीवर बसल्या बसल्या समजलं. तो रडला. रडल्याने डोकं आणखी ठणकलं.

गुरुवारी दुपारी त्याच्याने राहवेना. ठणक एकेक ठोका मोजत चालली होती आणि प्रत्येक ठोक्याबरोबर तो तळमळत वर येत होता. बाहेर मुलगी काहीतरी बोलली आणि बायकोने तिला शू केलं, आणि त्या शू ने त्याच्या अंगात जे उसळलं ते त्याने ओळखलं. गोळीवाचूनच्या त्या चार दिवसांत दार उघडणारा माणूस हाच. तो दारापर्यंत आला होता, हात कडीवर होता. तिथे उभा राहून त्याने हाक मारली, "गोळी दे." आवाज चिरका निघाला. त्याला गोळी हवी होती, जीव जाईपर्यंत हवी होती. आणि त्याच वेळी, खोल कुठेतरी, त्याला हवं होतं की तिने नाही म्हणावं. ठरलंय ना, देणार नाही, काय करायचं ते करा, असं तिने एकदा म्हणावं, म्हणजे निदान ती आपल्या बाजूची आहे एवढं कळेल. तो ऐकत उभा राहिला.

ती लगेच आली. पट्ट्या कुठे ठेवल्या ते शोधावं लागलं नाही, कपाट उघडल्याचा, डबा काढल्याचा आवाज नाही. एका हातात पेला आणि दुसरा हात तिने गाऊनच्या खिशातून बाहेर काढला आणि उघडला. तळहातावर गोळी होती, पट्टीतून आधीच काढलेली. "आज पिवळीचा वार," ती सवयीने म्हणून गेली आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. त्याने गोळी उचलली. ती गरम होती. सोमवारपासून तिच्या मुठीत, तिच्या खिशात, झोपेतसुद्धा जवळ असलेली, अंगाची ऊब लागलेली. "द्यायची नाही असं ठरलं होतं ना?" तो म्हणाला. "ठरवलं तुम्ही होतं," ती म्हणाली. तिच्या मागे, बाहेरच्या खोलीच्या दाराशी, मुलगी उभी होती. खांद्याला पिशवी, हातात चपला, कुठल्या क्षणी निघायचं त्याची वाट बघत. "तुमच्या किडन्या जातील हे मला कळतं," बायको हळू म्हणाली, "रात्र रात्र झोप येत नाही मला त्याने. पण मला तुमची भीती वाटते हो." ती ते रागाने म्हणाली असती तर त्याने उत्तर दिलं असतं. ती माफी मागितल्यासारखी म्हणाली.

त्याने गोळी तोंडाकडे नेली, पाण्याचा मोठा घोट घेतला, डोकं मागे टाकलं आणि पेला परत केला. "घेतली," तो म्हणाला. तिने त्याच्या गळ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि तिचे खांदे खाली आले. "पडा आता," ती म्हणाली आणि दार लोटून गेली. तो पलंगावर पालथा झाला आणि तोंडाखाली मूठ घेतली. मुठीत गोळी होती. आता फसवायची पाळी त्याची होती, आणि इतकी वर्षं दोघींना हे किती सोपं गेलं असेल याचा त्याला विषाद वाटला. घर हळूहळू मोकळं होत होतं. चपला खाली ठेवल्या गेल्या. खुर्ची सरकली, मोज्यांसकट. नळ सुटला. मुलगी बोलायला लागली, आधी दबक्या आवाजात, मग नेहमीच्या. ताटावर ताट पडलं आणि त्याच्या कवटीच्या दोन फाका झाल्या, पण ओरडायची सोय उरली नव्हती, कारण ज्याने गोळी घेतलीय त्याचं डोकं दुखत नाही. त्याने उशीचं टोक दातांत धरलं. पलीकडे मुलगी काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या, जिन्यावर ऐकलं होतं तेच हसणं, थोडं जपून. मूठ घामाने चिकट झाली होती. त्याने ती उघडून पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडापुढे धरली. तळहात पिवळा झाला होता. रंग कच्चा होता, आणि जिथून तो निघाला होता तिथे आतून पांढरी दिसत होती.

दारावर हलकी टकटक झाली. "उतरलं का?" बायकोने बाहेरूनच विचारलं. "लावू मिक्सर?"

त्याने मूठ मिटली. "लाव," तो म्हणाला.